लाईटवाल्याची पदवी

माणूस घरी पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यात माझं काय चुकलं, तुमीच सांगा. दिवाळीचा फराळ तोंडात घालून निघून जाचं अन् होळीच्या वक्ती वापस याचं, असा नवरा माझा. मिलिटरीत नाई, कोणत्या वाईट नादाले नाई. नाटकात आहे. तेही स्टेजवर नाई, स्टेजच्या बाजूले. आमच्या झाडीपट्टीत हिवाळाभर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, बैलायच्या शर्यतीचे शंकरपट होतेत, अन् मंडई आली का रातचं नाटक आलंच. त्या नाटकाले लाईट लावाचं काम दिव्याचे बाबा करतेत. दिव्या म्हणजे माझी पोरगी. आमच्या इकडं बाया नवऱ्याचं नाव घेत नाईत, म्हणून मी दिव्याचे बाबाच म्हणीन.

लग्न झालं तवापासून हेच चालू आहे. मंडईले लोकायच्या घरी लेकी येतेत, जावई येतेत, सारे एका सतरंजीवर बसून नाटक पाहतेत. माझ्याही घरी येतेत. मी त्यायच्यासाठी वडे तळतो म्हणा का जीव जाळतो म्हणा, अन् ज्याचे हे पाहुणे तो माणूस कुठीतरी चामोर्शीकडं लोखंडी पाइपावर चढून बसलेला असते. दिवसा शाळेच्या वऱ्हांड्यात झोपते, संध्याकाळी पुन्हा पाइपावर. हा काय संसार झाला?

कामात मात्र माणूस नावाजलेला आहे, हे मी रागातही कबूल करीन. शेवटच्या अंकात त्यायची पहाट पाहाले लोकं बसून राहतेत. निळ्या अंधारातून अशी हळूहळू उजाडवतेत म्हणे, का राजुऱ्याकडच्या एका गावात बुड्या बाया सडा टाकाचा राह्यला म्हणून उठून घरी गेल्या, अन् हिरोइनचं मरण पाहाचं राहूनच गेलं. हे मले लोकायनं सांगतलं. मी कुठी पाह्यलं? एकदा आमच्या गावात यायचं नाटक झालं, तवाही मी चुलीपाशी होती.

पोळा झाल्यावर एक दिवस धनराजभाऊ आमच्या घरी आले. धनराजभाऊ म्हणजे सोनपाखरू नाट्य रंगभूमीचे मालक, अन् हिरोही तेच. वडस्याले त्यायचं ऑफिस आहे. पलंगावर बसले, पाणी पेले अन् म्हणे, "हेमराजभाऊ, यंदा पोस्टरवर टेक्निकल लोकायचंही नाव टाकून राह्यलो. तुमी सगळ्यात सिनियर. पदवी कोणती पाहिजे ते तुमीच सांगा."

आता हे पदवीचं प्रकरण तुमाले समजावून सांगावं लागन. झाडीपट्टीच्या पोस्टरवर नुसतं नाव कोणाचंच नसते. धनराजभाऊ स्वतः 'झाडीचा ढाण्या वाघ' आहेत. पदवी ज्याची त्यानंच निवडाची. फुकटात भेटते, सर्टिफिकेट लागत नाई. पण एकदा का ती पोस्टरवर आली अन् गाडीवरच्या भोंग्यानं गावोगावी पुकारली, का मंग लोकं सोडत नाई. जे लिहलं ते करून दाखव म्हणतेत. कंपनीतला आमचा विक्की कॉमेडी करते, चांगलं पोट्टं आहे. त्यानं एका साली 'हास्याचा अणुबॉम्ब' लिहून घेतलं. गोंडपिपरीकडच्या एका गावात त्या राती कोणीच हासलं नाई. सकाळी मंडळवाल्यायनं ट्रकच अडवला. म्हणे, अणुबॉम्ब कुठी आहे? त्याले विहिरीपाशी नेलं अन् म्हटलं, या पाणी भरणाऱ्या बायायले हासवा, मंग जा. बिचारा तोंड न धुता, ब्रश हातात घेऊन तिथी नकला करत राह्यला. दुसऱ्या साली त्यानं गुपचाप 'हास्याचा फटाका' केलं. आता तं फक्त 'हास्यकलाकार' लिवते.

तर धनराजभाऊनं दोन पदव्या सांगतल्या. ते यंदा दुसरी कंपनी काढून राह्यले होते. म्हणे, "एक आहे टेक्निकल मॅनेजर. दोन्ही कंपन्यायच्या लाईट-साऊंडचा कारभार वडस्याच्या ऑफिसातून पाहाचा. कोणता ट्रक कुठी, कोणता माणूस कुठी, कोणतं सामान खराब झालं. संध्याकाळी आपल्या घरी. नाई तं दुसरी आहे मुख्य प्रकाशयोजनाकार. मान तेवढाच, पैशातही फरक नाई, पण लाईटच्या बोर्डावर तुमीच बसाचं, आत्ता करता तसंच. माणसं तुमच्या हाताखाली दोन्हीकडं राहतीन. सांगा."

संध्याकाळी आपल्या घरी! मी आतूनच वरडली, "मॅनेजर लिहा भाऊ!"

धनराजभाऊ हासले. दिव्याचे बाबा हासले नाई. म्हणे, "परवा सांगतो."

दोन दिवस माणूस घरात असा फिरला का जसं त्याले कोणी शाळेत पेपर सोडवाले बसवलं. मुख्य म्हणू का नको, योजनाकार जड वाटते काय, नुसतं 'प्रकाश' लिहलं तं लोकं म्हणतीन हा कोण प्रकाश. मले विचारे अन् माझं उत्तर ऐकाच्या आधीच मान हालवे. मी तं एकच टेप लावून ठेवली होती. मॅनेजर, मॅनेजर, मॅनेजर.

शेवटी दिव्याले फोन लावला. ती नागपूरले कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, प्रोग्राम लिवते. मले वाटलं, शिकलेली पोरगी आहे, आईच्या बाजूनं बोलन. तं ती म्हणते, "बाबा, आमच्या इथीही असंच आहे. सिनियर झालं का दोन रस्ते फुटतेत. एकात माणसं सांभाळाचे, एकात काम करत राहाचं. दोन्हीकडं मोठमोठ्या पदव्या आहेत. मलेही मागच्याच महिन्यात विचारलं. मी कामाचा रस्ता घेतला."

मी फोन हिसकला. "म्हणजे तू मॅनेजर नाई झाली? काऊन वो?"

"आई, मले जे येते तेच सोडलं तं मी सकाळी उठून करू काय?"

घ्या! बाप तशी लेक. मी फोन पलंगावर आदळला अन् जे पोटात होतं ते सारं ओकली. म्हटलं, "तुमी दोघं करा आपापलं काम. मी बसतो इथी कुत्र्यासारखी राखण करत. तुमची माय वारली तवा तुमी कुठी होते? कुरखेड्याले. दिव्याचा दहावीचा निकाल लागला, तवा घरी होते तं तो उन्हाळा होता म्हणून. हिवाळा मले नवरा नाईच. एक हिवाळा, एकच, मले संध्याकाळी दारात तुमची गाडी वाजलेली ऐकू द्या." बोलता बोलता मले रडू आलं, अन् रडू आलं म्हणून पुन्हा राग आला.

ते अंगणात गेले अन् बैलाले वैरण टाकली. मंग म्हणे, "बरं. मॅनेजर लिहा म्हणून सांगतो."

खोटं कायले सांगू, मले आनंद झाला. मी त्या दिवशी उडदाचे वडे केले अन् साऱ्या आळीत वाटले. पोस्टर आलं तवा एक आमच्या दारावरच चिकटवलं. 'टेक्निकल मॅनेजर: मा. हेमराजभाऊ.' ढाण्या वाघाच्या पंज्याखालीच नाव होतं, पण होतं मोठ्या अक्षरात.

अन् खरंच दिवाळी गेली तरी माणूस घरी! सकाळी डबा घेऊन वडस्याले जाये, दिवस बुडता बुडता दारात गाडी वाजे. धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, यंदा आमी दोघायनं मिळून केलं. बाया म्हणे, मीराबाईचं नशीब उघडलं. मीही पदर सावरून म्हणो, हो बाई, आता ऑफिसात आहेत ना.

मंग एक दिवस मी पोपटाच्या शेंगायची भाजी केली होती. ते जेवले अन् म्हणे, "छान झाली."

मले धडकीच भरली. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं भाजीले छान म्हटलं नव्हतं. तिखट झाली म्हणे, पाणचट झाली म्हणे, कावो मीठ संपलं काय म्हणे. मी म्हणो, बसा मंग पाइपावर अन् तिथीच जेवा. असं आमचं चाले. चार दिवस घरी आले तरी घर डोक्यावर घेत. "कावो, माझा टेस्टर कुठी ठेवला? माझ्या वायरीले हात कोणी लावला?" आता वायर नाई, टेस्टर नाई. आता म्हणे, "जमलं तं थोडा चहा भेटन काय?" जमलं तं! स्वतःच्या घरात!

"दुखते काय काही?" मी विचारलं.

"नाई."

"ऑफिसात कोणी बोललं?"

"नाई वो. सारे मान देतेत. उठून उभे राहतेत."

"मंग?"

"मंग काय? चांगलं आहे." अन् ताट उचलून स्वतः मोरीवर नेऊन ठेवलं. मले ते ताट नेऊन ठेवणं बिलकुल आवडलं नाई.

मनात म्हटलं, होईन सवय. नवीन नवरीले सासरची होते, तशी यायले घरची होईन. अन् मले एक आस होती. आमच्या गावची मंडई. यंदा मंडळाचे अध्यक्ष दादाजी यायनं सोनपाखरूचंच नाटक ठरवलं होतं. मी ठरवून टाकलं, या बारीनं मी चुलीपाशी बसत नाई. दुपारीच सारा सैपाक करून ठेवला, नणंदेले सांगतलं का पाहुण्यायले वाढ नाई तं उपाशी ठेव, मले विचारू नको. नवं लुगडं नेसली. सतरंजी घेतली, अंगावर घ्याले चादर घेतली, अन् जन्मात पहिल्यांदा नवऱ्याच्या बाजूले नाटक पाहाले बसली. बायायनं कोपरं मारले एकमेकींले. मारू द्या म्हटलं.

बूड टेकलं नाई तं भोंगा वाजला. "सोनपाखरू नाट्य रंगभूमीचे टेक्निकल मॅनेजर माननीय हेमराजभाऊ यायनं समोर खुर्चीवर येऊन बसावं." मी म्हटलं, नका जाऊ. ते म्हणे, "पुकारलं ना. जावं लागते." अन् गेले. तिकडं सरपंचाच्या अन् कृषी अधिकाऱ्याच्या मधात प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर नेऊन बसवलं. अर्धी सतरंजी माझ्या बाजूले रिकामी. पदवी घेतली तं तिची खुर्चीही घ्यावी लागते, हे माझ्या डोक्यात कसं आलं नव्हतं? चडफडत बसली मी.

तितक्यात लाईटची ट्रायल सुरू झाली. बोर्डावर श्रावण होता, यायनंच तयार केलेला माणूस, आता स्वतः दोन लेकरायचा बाप. त्यानं लाल केलं, निळं केलं, पडद्यावर चांदणं टाकलं. काहीच बिघडलं नाई, कुठीच अडलं नाई. चांगलं करून राह्यला होता. मी बाजूनं यायच्या तोंडाकडं पाहत होती. एकेक दिवा लागला का यायची मान वर जाये, अन् मंग चोरी पकडल्यासारखी खाली, बुटाकडं. टाळ्याही वाजवल्या श्रावणसाठी. चेहरा असा, जसा ओळख नसलेल्या लग्नात जेवाले बसलेल्या माणसाचा.

मले माणूस घरी पाहिजे होता. घरी आलं काय होतं? गाडी आली होती, चपला आल्या होत्या, डबा आला होता. माणूस मी त्या पाइपावरच ठेवून आली होती, अन् वरून वडे वाटले होते.

नाटकाआधी सत्कार असते. सरपंचाचा झाला, पटातल्या जोडीवाल्याचा झाला, मंग दादाजीनं पुकारलं, "आपल्या गावचे सुपुत्र, टेक्निकल मॅनेजर हेमराजभाऊ. मीराबाईनंही वर यावं, सत्कार जोडीनं करू." बायायनं मले ढकलतच स्टेजवर चढवलं. शाल दिली, नारळ दिला. आमच्या स्टेजवर माईक वरून लटकत असतेत, त्यातला एक बरोब्बर माझ्या तोंडापुढं होता. खालून बाया वरडल्या, "नाव घ्या! मीराबाई, नाव घ्या!"

मले भाषण येत नाई. पण राग आला का मले सारं येते.

मी म्हटलं, "नाव घेतो, थांबा. आधी एक सांगा. पोस्टरवर लिहलं ते करून दाखवा लागते, हा आपल्या झाडीचा कायदा आहे का नाई?"

"आहे!" सारा मांडव वरडला.

"हे मॅनेजर आहेत म्हणून लिहलं. मंग मॅनेजरकी दाखवतीन ना? आतापर्यंत दाखवूनच राह्यले. त्या खुर्चीत बसले होते ते तुमी पाह्यलं. मजा आली काय पाहाले?"

लोकं हासले. कोणीतरी मागून वरडलं, "नाई आली! पहाट दाखवा म्हणा!"

"तेच मी म्हणतो. हे पद मी लिहाले लावलं. मले माणूस घरी पाहिजे होता. पण हे मॅनेजर-फॅनेजर काही नाई. हे लाईटवाले आहेत." माझा आवाज फाटला, पण मी थांबली नाई. "लाईटवाले हेमराज! घेतलं मी नाव. उखाणा-बिखाणा काही नाई. पोस्टर ज्याले बदलवाचं त्यानं बदलवावं, मी पुकारून मोकळी झाली."

काय टाळ्या पडल्या बाप्पा! शिट्ट्याही पडल्या. बाजूच्या पडद्यातून धनराजभाऊनं डोकं काढलं, अर्धीच मिशी चिकटवलेली. "बाई, अन् मंग माझं ऑफिस?"

"विक्कीले बसवा. त्याच्या हाती कारभार दिला तं लोकं हासतीन तरी."

दिव्याचे बाबा शाल घेऊन तसेच उभे होते. माझ्याकडं वाकून हळूच म्हणे, "होळीपर्यंत मंग मी घरी येत नाई पाहा. तुले माहीत आहे ना?"

"माहीत आहे. मीच येत जाईन. जिथी बस जाते तिथी तं येईनच."

त्यायनं शाल माझ्या खांद्यावर टाकली, नारळ माझ्या हातात कोंबला अन् स्टेजवरून असे उतरले, का गुडघे दुखतेत म्हणून रोज तेल लावून घेणारा माणूस हाच काय असं वाटावं. श्रावण त्यायले येताना पाहूनच बोर्डावरून उठला होता, दात काढून हासत. त्याले दुसऱ्या कंपनीचा बोर्ड भेटन, हे त्याच्याही ध्यानात आलं असन.

मीही मागं गेली. बोर्डाच्या बाजूले एक पत्र्याची पेटी होती, तिच्यावर बसली. घंटी झाली, पेटी-तबला सुरू झाला, पडदा हालला. मी त्यायच्या तोंडाकडं पाहून म्हटलं, "चहा आणू काय तुमाले?"

"कावो!" ते असे खेकसले का समोरच्या दोन ओळी वळून पाहाले लागल्या. "वायरवरचा पाय काढ आधी! समजत नाई काय, कुठी बसाचं ते?"

मी पाय काढला. मले इतकं बरं वाटलं का काय सांगू.